कुंपणाची पलीकडची बाजू

पेणहून खोपोलीकडे किंवा रोह्याहून कोलाडकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना बंगल्यांचे प्लॉट दिसतात. पुष्कळ ठिकाणी घराचं जोतंही झालेलं नसतं, पण कुंपण उभं असतं. कुठे सिमेंटचे खांब आणि काटेरी तारेचे चार-पाच पदर, कुठे खाचेत सरकवलेल्या तयार सिमेंटच्या फळ्या. जमीन घेतली की माणूस आधी ती बंद करतो. घराला नकाशा लागतो, आर्किटेक्ट लागतो, परवानगी लागते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. कुंपणाला मात्र एक गवंडी, दोन गडी आणि सुट्टीचा दिवस पुरतो, असा समज आहे.

पण शेजाऱ्याशी पहिलं भांडण बहुतेक वेळा कुंपणावरूनच होतं. घराच्या भिंती चारही बाजूंनी आपल्याच जमिनीत असतात. कुंपणाची एक बाजू आपल्याकडे असते आणि दुसरी रस्त्याकडे, शेजाऱ्याकडे, वहाळाकडे. कुंपणाविषयीचे नियम या पलीकडच्या बाजूने वाचले की ते चटकन कळतात. तुम्ही आत काय राखता, याच्याशी कायद्याला फारसं देणंघेणं नाही. तो चारच गोष्टी विचारतो: रेषा कुणाची, नजर कुणाची अडली, वाट कुणाची अडली आणि पाणी कुणाचं अडलं.

वई होती तेव्हा

कोकणातलं जुनं कुंपण म्हणजे वई. करवंदीची काटेरी जाळी, निवडुंग, शेर, निरगुडी, मोगली एरंड. मध्ये पांगाऱ्याचे किंवा शेवग्याचे खुंट रोवलेले. पावसाळ्यात ते खुंट फुटायचे आणि खांबाचं झाड व्हायचं. जिथे दगड मुबलक तिथे मातीविना रचलेला गडगा. आत जायला बेडं, म्हणजे दोन खांबांना भोकं पाडून त्यांतून सरकवलेले आडवे बांबू. गुरू अडायचं, माणूस मात्र बांबू सरकवून आत यायचा. या कुंपणाचं काम गुरं अडवण्याचं होतं. भात कापून झालं की गुरं मोकळी सुटत आणि त्याच ओलीवर पेण, अलिबाग, रोह्याच्या शेतांत वाल वर आलेला असे. थंडीत पोपटी लावायची, म्हणजे वालाच्या शेंगा मडक्यात भाजायच्या, तर वाल गुरांपासून वाचायला हवा, म्हणून वई दर वर्षी नव्याने बांधायची.

वई दर वर्षी हलत असे, म्हणून तिच्यावरून तंटा झाला तरी तो पुढच्या हंगामापर्यंत मिटवता येई. चिऱ्याची किंवा काँक्रीटची भिंत हलत नाही. ती चुकीच्या जागी उभी राहिली की चूक तीस-चाळीस वर्षं टिकते. कुंपणाचा प्रश्न तालुक्याच्या कचेरीपर्यंत जातो तो इथून.

विचारायचं कुणाला?

पहिला गोंधळ इथेच होतो, कारण पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत परवानगी देणारं दार एकच नाही. पेण शहरात पेण नगरपरिषद, रोह्यात रोहा अष्टमी नगरपरिषद. कुंडलिकेच्या एका काठावर रोहा आणि पलीकडे अष्टमी, पण नगरपरिषद एकच. गावठाणात आधी ग्रामपंचायत. गावठाणाबाहेरच्या बिनशेती प्लॉटला जिल्हाधिकारी आणि अलिबागचं नगररचना कार्यालय. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत प्लॉट असेल तर एमआयडीसी आणि तिची स्वतःची नियमावली. पेण तालुक्याची काही गावं नव्या शहरांच्या आखणीसाठी विशेष नियोजन प्राधिकरणांच्या कक्षेत गेली आहेत. तिथे तिसरंच दार. म्हणून सात-बारा किंवा मिळकत पत्रिका हातात घेऊन पहिला प्रश्न हाच विचारायचा, की या सर्व्हे नंबरला नियोजन प्राधिकरण कोण?

दारं अनेक असली तरी पुस्तक बरंचसं एकच आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्याने एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू केली. लोक तिला यूडीसीपीआर म्हणतात. मुंबई महापालिका, एमआयडीसी अशी काही क्षेत्रं वगळली तर नगरपरिषदा आणि प्रादेशिक योजनेतली गावं तिच्याखाली येतात. त्यामुळे पेणच्या कोपऱ्यावरच्या बंगल्याला आणि रोह्याच्या कोपऱ्यावरच्या बंगल्याला आज कंपाउंडचं एकच माप आहे.

‘कुंपण म्हणजे काय बांधकाम आहे का?’ हा प्रश्न हमखास येतो. नगरपरिषदांच्या १९६५ च्या कायद्यात ‘इमारत’ या शब्दाच्या व्याख्येत कंपाउंडची भिंत आणि कुंपणही धरलेलं आहे. शेतातल्या पिकाभोवती ओढलेली तार वेगळी आणि घराच्या प्लॉटभोवती पाया खणून उभी केलेली भिंत वेगळी. दुसरीसाठी घराच्या नकाशातच कंपाउंड दाखवून मंजुरी घेतली तर नंतर धावपळ होत नाही. घर जुनं असेल आणि भिंत नवी, तर स्वतंत्र अर्ज करून लेखी उत्तर घ्यावं. तोंडी ‘बांधा हो, कोण बघतंय’ हे उत्तर शेजाऱ्याने तक्रार केली की उपयोगाचं राहत नाही.

रेषा: तेहतीस फुटांची साखळी

हद्दीचा तंटा माणसाइतकाच जुना आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गावांच्या सीमेवर वड, पिंपळ, पळस, सावर अशी ठळक झाडं लावायला सांगितली आहेत. शिवाय जमिनीखाली दगड, हाडं, कोळसा, राख, खापऱ्या पुरून ठेवायला सांगितलं आहे. वरची खूण कुणी हलवली तर खालची साक्ष द्यायला राहते. शिलाहारांच्या काळात कोकणात दानाच्या जमिनीवर गद्धेगाळ उभे राहिले: वर सूर्य-चंद्र, मध्ये लेख, खाली दान मोडणाऱ्याला दिलेल्या गाढवाच्या शिवीचं शिल्प. आजचा कायदा इतका रागीट नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार हद्दीच्या खुणा सांभाळायची जबाबदारी जमीनधारकाची आहे. खूण मुद्दाम हलवली किंवा नष्ट केली तर मूळ कलमात खुणेमागे फार तर १०० रुपये दंड आहे. शिवीची जागा शंभराच्या नोटेने घेतली.

पण ही हद्द ठरली कशी? इंग्रजांच्या काळात मोजणीदार शंकूसाखळी घेऊन शिवारात उतरले. मुंबई इलाख्याची साखळी ३३ फुटांची. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. आपण रोज वापरतो तो गुंठा या साखळीचा चौरस आहे. साखळीचे भाग रुपयासारखे सोळा आण्यांत मोजत. एक आणा म्हणजे दोन फूट पाऊण इंच. जुन्या टिपणांवर शेताच्या बाजूंची मापं या साखळी-आण्यांत लिहिलेली आहेत.

हे कळलं की पुष्कळ तंट्यांचं खरं कारण दिसतं. ज्या कागदाचा सर्वांत छोटा आकडा दोन फुटांचा आहे, त्यावरून आपण अर्ध्या फुटासाठी भांडतो. आज भूकरमापक उपग्रहाशी जोडलेलं रोव्हर यंत्र घेऊन येतो आणि त्याचं माप सेंटिमीटरमध्ये असतं, पण ज्या जुन्या नकाशाशी ते जुळवायचं असतं तो नकाशा साखळीचाच. त्यामुळे ‘आमच्या आजोबांच्या वेळेपासून बांध इथेच आहे’ आणि ‘मशीनने इथे दाखवलं’ ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी प्रामाणिक असू शकतात.

म्हणून पाया खणण्याआधी ‘हद्द कायम’ मोजणी करून घ्यावी. अर्ज तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयाकडे करायचा. मोजणीच्या दिवशी लगतधारकांना नोटीस जाते. त्या दिवशी शेजारी हजर असणं तुमच्याच फायद्याचं, कारण त्याच्यादेखत ठोकलेली खुंटी तो सहसा उपटत नाही. मोजणीनंतर नकाशाची ‘क’ प्रत मिळते. कुणाला ती मान्य नसेल तर वरिष्ठ अधिकाऱ्याकडून निमताना मोजणी मागता येते. गावठाणात बरीच वर्षं नकाशाच नव्हता, घरं होती आणि आठवणी होत्या. पुणे जिल्ह्यातल्या सोनोरी गावापासून ड्रोनने गावठाणं मोजण्याचं काम सुरू झालं आणि २०२० मध्ये केंद्राच्या स्वामित्व योजनेने ते देशभर नेलं. पण ड्रोनला वरून दिसतं ते छप्पर आणि दिसतं ते कुंपण. ते कुंपण कुणी, कुणाच्या संमतीने घातलं, हे त्याला दिसत नाही. त्यामुळे या मोजणीच्या चौकशीच्या वेळी घरातल्या जाणत्या माणसाने हजर राहायला हवं.

रेषेबद्दल आणखी दोन गोष्टी गवंडी सांगत नाही. पहिली, भिंत जमिनीवर नऊ इंचांची असली तरी तिचा पाया खाली दीड-दोन फूट रुंद असतो. भिंतीची बाहेरची कड रेषेवर ठेवली तर पाया शेजाऱ्याच्या जमिनीत जातो. संपूर्ण पाया आपल्या बाजूला ठेवा, किंवा दोघांच्या खर्चाने सामाईक भिंत घाला आणि ते कागदावर लिहा. दुसरी, मुदत कायद्याप्रमाणे दुसऱ्याच्या उघड आणि विरोधी ताब्यातली जमीन परत मागायची मुदत १२ वर्षांची आहे. मुंबईत राहणाऱ्या आणि फक्त गणपतीला गावी येणाऱ्या मालकाने हे लक्षात ठेवावं. शेजाऱ्याची तार दोन फूट आत आलेली दिसली, तर ‘जाऊ दे, पुढच्या वर्षी बघू’ असं बारा वर्षं म्हणता येत नाही.

नजर: दीड मीटर का?

आता माप. नियमावलीप्रमाणे रस्त्याकडच्या कंपाउंड भिंतीची उंची १.५ मीटर, म्हणजे पाच फुटांच्या थोडी आतच. २.४ मीटरपर्यंत जाता येतं, पण वरचा ०.९ मीटर भाग उघडा हवा: जाळी, गज, रेलिंग, आरपार दिसेल असं काहीही. फाटक पूर्णपणे आतल्या बाजूला उघडलं पाहिजे. त्याची फळी रस्त्यावर यायला नको.

दीड मीटर म्हणजे साधारण उभ्या माणसाच्या नजरेची रेषा. चालणाऱ्याला आत डोकावता येईल न येईल अशी ही उंची आहे. घराला आडोसा मिळतो आणि गल्लीला बोगद्याचं रूप येत नाही. दोन्ही बाजूंनी आठ फुटी सपाट भिंती असलेल्या गल्लीतून रात्री एकटं जाताना काय वाटतं, ते आठवलं की या नियमाला वेगळं स्पष्टीकरण लागत नाही.

उंची मोजायची कुठून, यात खरी मेख आहे. ती तुमच्या अंगणातून नव्हे, समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून मोजतात. पुराच्या धास्तीने पेण-रोह्याकडे प्लॉटवर भराव टाकून जमीन दोन-अडीच फूट उचलतात. मग रस्त्यापासून पाच फुटांची भिंत आतून जेमतेम मांडीपर्यंत येते आणि मालक वर आणखी तीन फूट चढवतो. त्याच्या दृष्टीने भिंत साडेपाच फुटांची असते, पण रस्त्यावरून चालणाऱ्याला ती आठ फुटांची दिसते. नियम दुसऱ्या माणसाची उंची धरून लिहिलेला आहे.

कोपऱ्यावरच्या प्लॉटला माप आणखी खाली येतं. दोन रस्ते मिळतात तिथून दोन्ही बाजूंना १० मीटरपर्यंत भरीव भिंत फक्त ०.७५ मीटर, वरचा भाग हवा तर रेलिंगचा. दहा मीटर म्हणजे जवळपास तेहतीस फूट, जुन्या मोजणीदाराची एक साखळीच. वळणावर येणाऱ्या गाडीला तेवढ्या अंतरातून पलीकडची सायकल दिसावी, एवढाच यामागचा हेतू. दाट मेंदीचं कुंपण सहा फूट वाढवलं तरी नजर तशीच अडते, म्हणून कोपऱ्यावर हिरवं कुंपणही छाटून ठेवावं.

जगात इतरत्रही हिशेब असाच आहे. इंग्लंडमध्ये विनापरवानगी दोन मीटरपर्यंत कुंपण घालता येतं, पण वाहनांच्या रस्त्यालगत एकच मीटर. जपानमध्ये सिमेंट ब्लॉकच्या भिंतीला २.२ मीटरची कमाल मर्यादा आहे. १८ जून २०१८ च्या ओसाका भूकंपात ताकात्सुकी शहरातल्या एका शाळेची साडेतीन मीटर उंचीची भिंत पदपथावर कोसळली आणि शाळेत निघालेली नऊ वर्षांची मुलगी दगावली. घरापेक्षा कुंपणाची भिंत जास्त सहज पडते, कारण तिला छप्पर बांधून ठेवत नाही आणि आडव्या भिंतीही धरून ठेवत नाहीत. ती एकटी, पातळ आणि लांब उभी असते.

वाट

रोह्यात दसऱ्यानंतर ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघते आणि गल्लीबोळांतून घरोघर फिरते. पेणजवळ हमरापूर-जोहे भागात गणपतीच्या मूर्तींचे कारखाने घरांच्या अंगणात, पडवीत आणि ताडपत्रीच्या मांडवात चालतात. श्रावण जवळ आला की त्याच अरुंद वाटांवरून मूर्तींनी भरलेले टेंपो बाहेर पडतात. वाटेच्या दोन्ही बाजूंच्या घरांनी अर्धा-अर्धा फूट पुढे सरकून भिंत घातली, तर कागदावर कुणाचंच मोठं अतिक्रमण दिसत नाही, पण दहा फुटांची वाट नऊ फुटांची होते. कुंपण शेत खातं म्हणतात. इथे ते रस्ता खातं.

यासाठी कायद्यात हत्यारं आहेत. ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५३ प्रमाणे सार्वजनिक रस्त्यावरचा अडथळा आणि अतिक्रमण काढायचा अधिकार पंचायतीला आहे. शेतात जायची वहिवाटीची वाट कुणी कुंपणाने बंद केली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, मात्र अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत. बांधावरून जायला वाटच नसेल तर महसूल संहितेच्या कलम १४३ खाली ती मागता येते. वीस वर्षं अखंड, उघडपणे वापरलेल्या वाटेचा हक्क १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानेही तयार होतो. ‘माझा सात-बारा, माझी जमीन’ हे खरं असलं तरी त्या जमिनीवरून जाणारी वाट सात-बाऱ्यावर दिसतेच असं नाही.

मोठ्या रस्त्यालगत गणित बदलतं. पेण, नागोठणे आणि कोलाडवरून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग हा राष्ट्रीय महामार्ग ६६ आहे. महामार्गाला स्वतःच्या हद्दीपलीकडेही इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा असतात. मोकळ्या भागात रस्त्याच्या मध्यापासून ४० आणि ७५ मीटर ही सर्वसाधारण मापं धरतात. महामार्गावरून थेट फाटक काढायचं तर त्याची वेगळी परवानगी. पनवेल-रोहा लोहमार्ग पेणवरून जातो आणि रोह्यापासून पुढे कोकण रेल्वे सुरू होते. रेल्वे हद्दीपासून ३० मीटरच्या आत काही बांधायचं तर आधी रेल्वेचं ना-हरकत पत्र विचारावं. शहरात विकास योजनेतल्या रस्तारुंदीची रेषा तुमच्या अंगणातून जात असेल, तर भिंत त्या रेषेच्या आत घ्यावी. पुढे भिंत तोडायची वेळ आली की नुकसान तुमचंच.

पाणी

पेण-रोह्याच्या कुंपणाचा सर्वांत मोठा नियम पाण्याचा आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत या पट्ट्यात सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. सह्याद्रीवरून उतरलेलं पाणी अंबा, भोगावती, कुंडलिकेतून खाडीकडे धावतं आणि भरतीच्या वेळी खाडी ते परत ढकलते. जुलै १९८९ मध्ये अंबेच्या पुराने जांभूळपाडा आणि नागोठण्याची जी दैना केली, ती या भागातले वडीलधारे अजून सांगतात.

सुविधाधिकार कायद्यात एक साधं तत्त्व आहे: वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी स्वाभाविक उताराने खालच्या जमिनीत जाणारच आणि खालच्या मालकाने ते अडवायचं नाही. भातशेतीत हे सगळे पाळतात, बांधाला मोरी ठेवतात. पण त्याच शेताचा प्लॉट झाला आणि भोवती अखंड सिमेंटची भिंत आली, की वरच्याचं अंगण तळं होतं. पाणी अडवणं हा वाट अडवण्याइतकाच मामलेदार न्यायालयाचा विषय आहे. वहाळ आणि नाला ही सरकारची मालमत्ता. खाडीकाठी किनारपट्टी नियमन क्षेत्र लागू होतं. २०१९ च्या अधिसूचनेत भरतीच्या पाण्याच्या खाड्यांसाठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं जे कमी ते अंतर धरलं आहे. कांदळवन असेल तर तिथे कुंपणाचा खांबही रोवायचा नाही. नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा पाहावी. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नाही.

पाणी अडवणारी भिंत शेवटी स्वतःही पडते. २९ जून २०१९ रोजी पुण्यात कोंढव्याला सोसायटीची संरक्षक भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून १५ जणांचा जीव गेला. तीनच दिवसांनी, २ जुलैला, मुंबईत मालाडला जलाशयाच्या आवाराची भिंत पडून तीसच्या वर माणसं गेली. ओली माती आणि तुंबलेलं पाणी यांचा रेटा साध्या कंपाउंडच्या भिंतीला सोसत नाही. एका बाजूला भराव असेल तर ती कुंपणाची भिंत राहत नाही, धारक भिंत होते. तिचं गणित इंजिनिअरकडून करून घ्यावं लागतं, तिला पाणी झिरपून जायला जागोजाग भोकं लागतात आणि मागे खडीचा थर लागतो. पेणच्या खाडीकडच्या चिकणमातीत तर हे दुप्पट खरं.

याच पेण तालुक्यात एक फार मोठं कुंपण शतकानुशतकं उभं आहे: खारभूमीचा बांध. समुद्राचं पाणी बाहेर ठेवून भाताची जमीन मिळवायची, म्हणून लोकांनी मातीचा बांध घातला. पण त्या बांधालाही उघाडी ठेवली. ओहोटीला दार उघडतं आणि आतलं पावसाचं पाणी बाहेर पडतं. भरती आली की तेच पाणी दाराला रेटून बंद करतं. कुठे खांड पडली तर खारं पाणी शेत कुणाचं ते पाहत नाही, म्हणून दुरुस्तीला एकट्याचा बांध असं काही उरत नाही. समुद्र अडवणाऱ्या बांधालाही जर दार ठेवावं लागतं, तर तीन गुंठ्यांच्या प्लॉटभोवती घातलेल्या भिंतीला मोरी का नको?

क्रम

सगळं लक्षात ठेवायचं तर क्रमाने असं करावं. आधी मोजणी, मग ‘क’ प्रत, मग प्राधिकरणाची लेखी परवानगी, मग शेजाऱ्याशी बोलणं आणि शेवटी गवंडी. कुंपणाच्या रेषेत आंबा, फणस, साग किंवा जांभूळ आला तर तो परवानगीशिवाय तोडायचा नाही. भिंतच त्याला वळसा घालून न्यावी. रानडुकरांसाठी घरातली वीज तारेत सोडणं हा गुन्हा आहे आणि त्याने डुकराआधी माणूस मरतो.

भिंत झाली, रंग लागला, फाटक बसलं. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस लागेल त्या दिवशी छत्री घेऊन कुंपणाला एक फेरी मारा. आतून नाही, बाहेरून. पाणी जिथे भिंतीपाशी थांबून फिरताना दिसेल, तिथे विटेने खूण करून ठेवा. मोरी तिथे राहिली आहे.